लोकल बंद होती तेव्हा

२२ मार्च २०२०च्या मध्यरात्री मुंबईची लोकल थांबली. तो रविवार जनता कर्फ्यूचा होता. दिवसभर गाड्या मोजक्याच धावल्या, त्याही रिकाम्या. संध्याकाळी पाचला अंधेरी-बोरिवलीच्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या, आणि रात्री कारशेडमध्ये गेलेल्या गाड्या सोमवारी पहाटे बाहेर आल्याच नाहीत. रेल्वेचा आदेश ३१ मार्चपर्यंतचा होता. आठ-नऊ दिवस कसेही काढू, असं म्हणायला तेव्हा जागा होती.

ज्यांची हयात लोकलमध्ये गेली त्यांना मात्र धक्का बसला तो लोकल बंद होऊ शकते याचाच. १९७४च्या रेल्वे संपाच्या आठवणी सांगणारे लोक मुलुंड-घाटकोपरला अजून भेटतात. २६ जुलै २००५च्या पावसात रुळांवरून चालत घरी आलेले तर प्रत्येक इमारतीत आहेत. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले, त्यात बोरिवली आणि जोगेश्वरीही होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं फलाटावर हजर होती. रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या आणि पाऊण कोटीच्या आसपास प्रवासी, असा हा कारभार. तो पूर्ण थांबवून ठेवायचा, हे कुणाच्या कल्पनेतही नव्हतं.

उपनगरं मुळात या रुळांच्या आधाराने वाढली. मुंबईची हद्द १९५०मध्ये वाढून अंधेरी, घाटकोपर आत आले, १९५७मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. १९९०मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची वस्ती साडेत्र्याण्णव लाखांच्या घरात होती, म्हणजे बेटावरच्या शहराच्या तिप्पट. इतकी माणसं इथे राहतात याचं कारण सकाळी ती इथून निघू शकतात. अंधेरीला सीप्झ, मरोळला एमआयडीसी, गोरेगावला चित्रनगरी आहे हे खरं, पण तिथे काम करणारेही विरार, कल्याण, बदलापूरहून येतात. लोकल थांबली आणि ज्या घरांत माणसं फक्त रात्री पाठ टेकायला येत होती, त्या घरांना चोवीस तास माणसं सांभाळायची पाळी आली.

या काळाबद्दल आता बोलणं निघालं की बहुतेक जण आजाराबद्दल बोलतात, आणि ते साहजिक आहे. पण उपनगरांतल्या त्या दोन वर्षांचा क्रम लावायला बसलं की आजाराइतकीच दुसरी गोष्ट ठळक दिसते, ती म्हणजे परवानगी. कुणी घराबाहेर पडायचं, किती वाजता, कुठपर्यंत, कोणता कागद दाखवून, हे दर काही आठवड्यांनी नव्याने ठरत होतं. त्या ठरवण्यात एक उतरंड होती, आणि मला वाटतं तीच या काळाची सर्वांत खरी कथा आहे.

सुरुवात मुंबईत ११ मार्चला कोविडचे पहिले रुग्ण सापडले तिथून. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७चा साथरोग कायदा लागू केला. १७ तारखेला कस्तुरबा रुग्णालयात मुंबईतला पहिला मृत्यू झाला. १९ तारखेला चित्रीकरणं थांबली, त्याच सुमारास डबेवाल्यांनी डबे पोचवणं बंद केलं. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. त्या वर्षीच्या मुलांना भूगोलाचे गुण सरासरीने मिळाले. २४ तारखेला रात्री आठला पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि साडेआठला प्रत्येक किराणा दुकानासमोर गर्दी लोटली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. राज्यातले शेवटचे निर्बंध उठले तेही पाडव्यालाच, २ एप्रिल २०२२ रोजी. मधली दोन वर्षं मात्र एका मापाची नव्हती.

पहिल्या महिन्यांत इमारतींमध्ये सत्ता आली ती सोसायटीच्या कमिटीकडे. एरवी सर्वसाधारण सभेला कोरम जमत नसे, तिथे सेक्रेटरीचा शब्द कायदा झाला. गेटवर सॅनिटायझरची बाटली, तापमान मोजायची बंदूक आणि एक वही. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, कारण. भाजीवाला गेटच्या आत येणार नाही, कुरिअर वॉचमनकडे, लिफ्टमध्ये दोनच माणसं. रुग्ण निघाला की महापालिका अख्खी इमारत सील करी. पुढे तो नियम मजल्यापर्यंत आला. यातलं बरंचसं गरजेचं होतं. पण काही कमिट्यांना त्या अधिकाराची गोडी लागली हेही लपवायचं कारण नाही. रुग्णालयातून बरी होऊन आलेली परिचारिका स्वतःच्याच घरात शिरताना दहा प्रश्नांना उत्तरं देत होती, असे प्रसंग तेव्हा ठिकठिकाणी घडले.

या वहीतून सर्वांत आधी नाव कटलं ते घरकाम करणाऱ्या बायकांचं. भांडी-धुणी-स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असल्फा, दामूनगर, कुरार, गणपत पाटील नगर अशा वस्त्यांतून चालत किंवा शेअर रिक्षाने येत. मार्च संपता संपता त्यांना दारं बंद झाली. एप्रिलचा पगार बऱ्याच घरांनी दिला, मेचा अर्धा, जूनला फोन लागेनासा झाला. जूनमध्ये बंदी सैल झाली तेव्हाही सोसायट्यांनी आपले नियम सैल केले नाहीत. घरकामगारांना सरकारने बंदी घातलेली नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. घरकामगारांसाठी राज्यात २००८चा कायदा आहे, मंडळ आहे. एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत सरकारने मदत जाहीर केली तेव्हा नोंदणी असलेल्या घरकामगारांना पंधराशे रुपये देऊ केले. ज्यांनी वीस वर्षं भांडी घासली पण नोंदणीचा कागद केला नाही, त्या या यादीत बसत नव्हत्या. त्यांना नोंदणीबद्दल कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

आणि आजार कुठे होता? जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन प्रभागांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं. त्यातला एक आर-उत्तर, म्हणजे दहिसर, आणि दुसरा एम-पश्चिम, म्हणजे चेंबूर. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींत १६ टक्के. सार्वजनिक शौचालय आणि पाण्याचा नळ जिथे सामाईक, तिथे सहा फुटांचं अंतर कुठून आणायचं? बायांना गेटवर अडवणाऱ्या सोसायट्यांनी हा आकडा आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वाचला. त्याच बायांच्या वस्तीला पाणी कमी का, हे त्यातून वाचता आलं असतं.

इमारतींच्या आतले हाल वेगळ्या जातीचे होते, आणि त्यांच्याबद्दल खूप लिहून झालं आहे, म्हणून थोडक्यात. वन बीएचकेत दोघांच्या मीटिंगा, एका मुलाची ऑनलाइन शाळा, आजोबांचं दूरदर्शनवर २८ मार्चपासून पुन्हा सुरू झालेलं रामायण. मीटर वाचायला माणूस येत नसल्याने विजेची बिलं सरासरीने आली आणि जूनमध्ये थकलेला सगळा फरक एकदम अंगावर पडला. अंधेरी-बोरिवलीतही आरडाओरडा झाला आणि महावितरणच्या मुलुंड-भांडुपमध्येही. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास जवळजवळ संपूर्ण मुंबईची वीज गेली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांना आपलं ऑफिस कशावर चालतं ते कळलं.

रस्त्यावर मात्र मेमध्ये जे घडलं, त्याची तुलना उपनगरांच्या इतिहासात नाही. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढली त्याच दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जायला निघालेल्या मजुरांची गर्दी जमली. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या, पुढे बोरिवली, वांद्रे टर्मिनस आणि कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहूनही सुटल्या. पण गाडीत बसायचं तर पोलीस ठाण्यात अर्ज हवा, सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही हवा, आणि मग फोनची वाट. दवाखान्यांबाहेर दाखल्यासाठी रांगा लागल्या. ज्या आजारासाठी गर्दी टाळायची, त्याच्या दाखल्यासाठी गर्दी. अनेकांनी वाट पाहिली नाही. मुलुंड चेकनाक्यावरून ठाणे, भिवंडी, कसारा घाट असा नाशिक रस्ता धरून लोक चालत निघाले. एसटीने त्यांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडायला सुरुवात केली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

याच रस्त्यावर आपल्या काळ्या-पिवळ्या रिक्षा दिसू लागल्या. मुंबईत रिक्षा ही उपनगरांचीच. वांद्रे आणि शीव ओलांडून तिला शहरात जायला मनाई. एमएच ०२, एमएच ०३, एमएच ४७ अशा पाट्यांच्या या गाड्या बायको, मुलं, स्टोव्ह आणि गोणी घेऊन जौनपूर, प्रतापगढ, दरभंग्याला निघाल्या. माहीमला जायची परवानगी नसलेली रिक्षा दीड हजारांहून जास्त किलोमीटरवर बिहारला पोचली. ज्यांनी हे केलं त्यांतल्या बहुतेकांवर कर्जाचा हप्ता होता. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवायची मुभा दिली होती, व्याज मात्र चालूच. पुढे २०२१च्या मदतीत रिक्षाचालकांनाही पंधराशे रुपये होते, पण परवानाधारकांना. दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवणारा, म्हणजे उपनगरांतला एक नेहमीचा रिक्षावाला, त्यात कुठेच नव्हता.

जूनमध्ये 'पुनश्च हरिओम' झालं, म्हणजे सरकारने निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करायला घेतले. ८ जूनपासून बेस्ट सर्वांसाठी सुरू झाली आणि खासगी कार्यालयांना दहा टक्के माणसं बोलवायची मुभा मिळाली. १५ जूनपासून लोकलही धावू लागली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी: तीनशे-साडेतीनशे फेऱ्या, एका गाडीत बाराशेऐवजी सातशे प्रवासी, दारावर ओळखपत्र तपासणारे पोलीस. इथून उपनगरांची खरी विभागणी सुरू झाली. एकाच मजल्यावरची महापालिकेतली लिपिक बोरिवलीहून पाऊण-एक तासात दक्षिण मुंबई गाठत होती, आणि शेजारचा खासगी कंपनीतला हिशेबनीस तेवढ्याच अंतरासाठी बेस्टच्या रांगेत तासभर उभा राहून पुढे अडीच-तीन तास बसमध्ये काढत होता. बसमध्ये एका आसनावर एक आणि उभे पाच, असा नियम होता. पहिल्या आठवड्यातच कंडक्टरने तो मोडताना पाहिला आणि नजर फिरवली. तो तरी काय करणार? २२ जुलैला नालासोपाऱ्यात बस न मिळालेले लोक स्थानकात शिरले आणि रुळांवर उतरले. त्यांची मागणी एकच होती, आम्हालाही गाडीत घ्या.

याच दिवसांत साथ शहरातून उत्तरेकडे सरकली. मुलुंड, भांडुप, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर इथे रुग्ण वाढले. मेमध्ये आयुक्त म्हणून आलेल्या इक्बालसिंह चहल यांनी कारभार प्रभागांच्या वॉर रूमकडे वाटून दिला होता. २२ जूनला 'मिशन झीरो' नावाने फिरते दवाखाने याच पट्ट्यात पाठवले. ७ जुलैला मुलुंड आणि दहिसरच्या जम्बो कोविड केंद्रांचं उद्घाटन झालं, गोरेगावचं नेस्को आधीच भरत होतं आणि मरोळचं कित्येक वर्षं रखडलेलं सेव्हन हिल्स रुग्णालय पूर्ण कोविडसाठी चालू होतं. प्रशासनाचं श्रेय द्यायचं तर या कामाचं द्यावं. पण याच सुमारास, २८ जूनला, पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नका, असा फतवा काढला, नाकाबंदीत हजारो वाहनं जप्त केली आणि आठवडाभरात तो गुंडाळला. दोन किलोमीटर कुठून मोजायचे, आणि मंडई तिसऱ्या किलोमीटरला असेल तर काय, याचं उत्तर नाक्यावरच्या हवालदाराकडे नव्हतं. त्या हवालदाराला तरी कुणी काही विचारलं होतं? पंचावन्न वर्षांवरच्या पोलिसांना घरी बसवावं लागलं होतं, आणि उरलेले दुहेरी पाळ्या करत होते.

गणपतीत परवानगीची उतरंड उलटी फिरली. भांडुप, विक्रोळी, बोरिवलीतला चाकरमानी एरवी गावी गेला की त्याचा मान. ऑगस्ट २०२०मध्ये गावाने त्याला वेशीवर थांबवलं. १२ ऑगस्टच्या आत पोचा आणि दहा दिवस विलगीकरणात राहा, नंतर आलात तर चाचणीचा दाखला आणा, असा सरकारी हुकूम आला. त्याआधी कितीतरी ग्रामपंचायतींनी आपापले ठराव केले होते. प्रवासाचा ई-पास काढून किंवा एसटीने जाऊन, शाळेच्या वर्गात दहा रात्री झोपून २२ ऑगस्टला घरच्या गणपतीसमोर उभे राहिलेले लोक मुंबईत होते. बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर आरती केली. सोसायटीच्या गेटवर बायांना अडवणारे आणि गावच्या वेशीवर अडवले गेलेले पुष्कळदा तेच होते. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला शंका आहे.

ऑक्टोबरमध्ये डबेवाल्यांना लोकलचा प्रवास खुला झाला. मावळ, खेड, आंबेगावच्या गावांत परतलेल्या या लोकांना ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळानेही झोडपलं होतं. मुंबईत आले तर डबे खाणारी कार्यालयंच रिकामी. १९ ऑक्टोबरला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो पुन्हा सुरू झाली. अकरा किलोमीटरची ही एकच मार्गिका तेव्हा होती, आणि तिथे कुणी काय काम करतोस असं विचारत नव्हतं. घटस्थापनेपासून सर्व महिलांना लोकल खुली करावी, असं राज्याने रेल्वेला कळवलं. रेल्वेने नियोजनाचं कारण दिलं, आणि २१ ऑक्टोबरला महिला चढल्या: सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर.

वेळांचा हा खेळ १ फेब्रुवारी २०२१ला कळसाला पोचला. त्या दिवशी लोकल सर्वांसाठी सुरू झाली असं जाहीर झालं. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊ ते शेवटची गाडी. नऊला कार्यालय गाठायचं तर सातच्या आत फलाट सोडा आणि सहाला सुटलात तर नऊ वाजेपर्यंत चर्चगेटला बसून राहा. गर्दी वाटली जावी हा हेतू ठीक, पण कार्यालयांच्या वेळा बदलल्याच नव्हत्या. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी गाड्या काढल्या. १ मार्चपासून रिक्षाचं किमान भाडं अठरावरून एकवीस रुपये झालं.

मग दुसरी लाट. ४ एप्रिलला मुंबईत एका दिवसात अकरा हजारांवर रुग्ण. १७ एप्रिलला प्राणवायू संपत आल्याने महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण हलवावे लागले. मालवणीत शाहनवाज शेख या तरुणाने स्वतःची मोटार विकून सिलिंडर घेतले होते, ते रात्रंदिवस फिरत होते. घाटकोपरचे एक शाळामास्तर स्वतः रिक्षा चालवून रुग्णांना फुकट रुग्णालयात पोचवत होते. त्याच आठवड्यात पोलिसांनी गाड्यांच्या काचांवर रंगीत स्टिकर लावायला सांगितले: डॉक्टरांना लाल, भाजी-दूधवाल्यांना हिरवा, इतर अत्यावश्यक सेवांना पिवळा. आठवडा संपायच्या आत तेही मागे घेतले. ज्याला रिक्षात घालून न्यायचं त्याचा रंग कोणता, हे त्या यादीत नव्हतं.

शेवटची परवानगी लसीची. १५ ऑगस्ट २०२१पासून दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. एकेरी तिकीट नाही, फक्त पास. ५३ स्थानकांवर महापालिकेने टेबलं मांडली, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पाहून शिक्का मिळे. आता हिशेब करा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्यांचं लसीकरण १ मेला सुरू झालं, तेही तुटवड्यात. बहुतेकांना दोन मात्रांत चौऱ्याऐंशी दिवस, वर चौदा. अगदी पहिल्या दिवशी लस मिळालेला तरुण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पात्र ठरला. ज्याला संकेतस्थळावर वेळच मिळाली नाही, तो दिवाळीपर्यंत बसने गेला. सर्वांत जास्त ज्यांना कामावर जायची गरज, ते सर्वांत शेवटी. फेब्रुवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे आदेश नेमून दिलेल्या पद्धतीने काढलेलेच नव्हते, असं सुनावलं. सरकारने ते मागे घेतले आणि १ मार्चच्या नव्या आदेशात लसीची अट पुन्हा घातली.

याआधीच्या एका मोठ्या साथीत, १८९६मध्ये, मांडवीत डॉ. विएगस यांनी प्लेग ओळखला तेव्हा लाखो लोक मुंबई सोडून पळाले आणि कित्येकांनी साष्टीच्या मोकळ्या गावांत आसरा घेतला. वांद्रे आणि आसपासच्या गावठाणांतले रस्त्याकाठचे अनेक क्रूस त्या साथीची आठवण सांगतात. त्या साथीचे सरकारी अहवाल आहेत, कॅप्टन मॉस यांची छायाचित्रं आहेत, घरझडत्यांचे आणि रेल्वे प्रवाशांच्या तपासण्यांचे तपशील आहेत. ते सगळं तपासणाऱ्यांनी लिहिलेलं. ज्यांना गाडीतून उतरवून तपासलं, त्यांचं म्हणणं शोधावं लागतं.

२०२०ची कागदपत्रं तर बहुतेक मोबाइलमध्येच आहेत आणि मोबाइल बदलले. म्हणून एक विनंती. ई-पास, लोकलसाठीचं क्यूआर कोड असलेलं ओळखपत्र, प्रमाणपत्रावरचा स्थानकातला शिक्का, सोसायटीच्या नोटिसा, गेटवरची वही, यातलं काही घरात किंवा कमिटीच्या कपाटात असेल तर रद्दीत घालू नका. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघाला, मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाला किंवा आपल्या भागातल्या ग्रंथालयाला विचारा, ठेवून घ्याल का म्हणून. आणि तुमच्याकडे तेव्हा कामाला येणाऱ्या बाई अजून येत असतील, तर त्या मार्च ते जून कशा जगल्या हे त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत, तारखांसह लिहून काढा.